पावसाच्या दिवशी आईलाही बसू द्या

पाऊस म्हणजे वस्तीतल्या माणसाला नुसता ताप, असे आपण इतक्या वेळा म्हणतो की आता तेच खरे वाटू लागले आहे. पत्रा गळतो, गटार भरते, कपडे वाळत नाहीत, नाक्यावर काम मिळत नाही, पोरे खोकतात. यातले काहीही खोटे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईतल्या कितीतरी वस्त्यांत माणसे पोटमाळ्यावर नाहीतर शेजाऱ्याच्या जिन्यात बसून होती. ज्यांनी ती रात्र काढली त्यांच्यासमोर पावसाचे गोडवे गायला कोणी जाऊ नये.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर परततो. म्हणजे वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पावसाळ्याचा. त्यातले घरात पाणी शिरण्याचे दिवस मोजकेच. बाकीचे दिवस नुसत्या रिपरिपीचे. बाहेर चिखल, आत अंधारलेले, कुठे जायचे नाही आणि घरात सगळे एकत्र. वर्षाचा एवढा मोठा भाग फक्त वैताग म्हणून काढायचा का? माझे मत आहे, नाही. अशा दिवशी घरच्यांनी एकत्र बसणे, गरम खाणे, बोलणे, हसणे आणि लवकर झोपणे हे श्रीमंतांच्या गॅलरीतले चोचले नाहीत. वर्षभर धावणाऱ्या माणसाच्या अंगाला आणि मनाला मिळालेला तो आराम आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

मात्र त्याला एक अट आहे. घरातले सगळे बसले आणि एक बाई उभीच राहिली, तर तो आनंद घराचा नव्हे, तिच्या पाठीवर बसून घेतलेला आनंद आहे.

बसलेले किती, उभे किती

पावसाचा रविवार डोळ्यांसमोर आणा. घरचा कर्ता खाटेवर आहे. थोरला मोबाइलमध्ये आहे, धाकटी टीव्हीसमोर. कोणीतरी म्हणते, "आज भजी होऊ द्या." सगळ्यांना बरे वाटते. आता जिच्याकडून भजी व्हायची तिचा दिवस बघा. पहाटे नळाला पाणी आले तेव्हा ती उठली. गळतीखाली पातेली मांडली, भरली की ओतली. ओली चादर पिळली. शाळेचा गणवेश सोमवारपर्यंत वाळेना म्हणून इस्त्री फिरवली. दारातून आत आलेला चिखल तीनदा पुसला. मोरीच्या ओल्या फरशीवर उभे राहून भांडी घासली. त्यातल्या अनेकजणी त्याआधी चार घरची धुणीभांडी करून, छत्री असून भिजून आलेल्या असतात. शेवटी उरलेला चुरा आणि गार झालेला चहा तिच्या वाट्याला येतो.

हा केवळ मायेचा किंवा नात्याचा प्रश्न नाही, म्हणूनच तो या पानावर मांडतो आहे. सतत पाण्यात पाय राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथली कातडी फाटली की साचलेल्या पाण्यातल्या जंतूंना वाट मिळते. ओल्या साडीत तासन् तास राहिल्याने जांघेत खाज आणि गजकर्ण होते. ते दाखवायला लाज वाटते, म्हणून महिनोन् महिने अंगावर काढले जाते. ओणवे होऊन पुसणे आणि बादल्या उचलणे यांनी कंबर धरते. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. रक्त कमी असलेले शरीर लवकर थकते आणि आजारातून उशिरा उठते. पावसाळ्यात घरात पहिला ताप मुलाला येतो असे आपल्याला वाटते, कारण मुलाचा ताप दिसतो. आईचा ताप पदराखाली राहतो.

बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते हे बोलले तेही भर पावसाळ्यात, २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची गुलाम न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असेही त्यांनी तिथे सांगितले. आपण ते भाषण जयंतीला ऐकतो, टाळ्या वाजवतो. बरोबरी मोजायला जयंतीची वाट पाहायला नको. पावसाच्या दिवशी घरात बसलेले किती आणि उभे किती, एवढे मोजले तरी कळते.

आधी एक कोपरा कोरडा हवा

डोक्यावर टपटप पडत असेल तर गप्पा रंगत नाहीत. सगळे घर कोरडे ठेवणे अनेकांच्या हातात नाही, पण एक कोपरा ठेवता येतो. पत्र्याच्या खिळ्यांभोवती आणि जोडावर डांबर, वरून ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून वजन. हे काम मे महिन्यात करायचे आणि ते घरच्या पुरुषांचे काम आहे. जूनमध्ये पातेली मांडत बसणे हे बाईचे काम होते, कारण मे महिन्यातले काम राहून गेलेले असते. अंथरुणे जमिनीवरून उचलून खाटेवर किंवा फळीवर ठेवा. जमिनीवर झोपावे लागत असेल तर खाली आधी प्लॅस्टिक, मग गोणपाट, मग सतरंजी.

ओल्या कपड्यांची दोरी माणसे झोपतात तिथून दूर, दाराजवळ किंवा खिडकीजवळ बांधा. बंद खोलीत कपडे वाळत घातले की भिंतीला बुरशी धरते, आणि दमेकरी माणसाची रात्र बसून जाते. पाऊस असला तरी खिडकी चार बोटे उघडी हवी. कपडे वाळावेत किंवा ऊब यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बोर्डावर किंवा बटणावर ओल आली असेल तर मेन स्विच बंद करून वायरमन येईपर्यंत अंधारात बसलेले बरे.

डोंगर उतारावरच्या, संरक्षक भिंतीखालच्या आणि नाल्याच्या काठच्या घरांची गोष्ट वेगळी आहे. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये भिंत झोपलेल्या घरांवर कोसळली. अशा जागी मुसळधार पावसाचा इशारा आला की घरात बसण्यात सुख शोधायचे नाही. कागदपत्रांची पिशवी, औषधे आणि म्हातारी माणसे घेऊन शाळेत, विहारात किंवा नातेवाइकांकडे जायचे. नाला पावसाआधी साफ होणे आणि धोकादायक भिंतीखालच्या घरांना दुसरी जागा मिळणे ही पालिकेची जबाबदारी आहे. कोरडे घर हे नशिबाने मिळणारे दान नव्हे, ते मागून घ्यायचे आहे. एप्रिलमध्येच गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या.

भजी खावी, पण चुलीपुढे एकटी नको

पावसात भजी खाऊ नका असे आरोग्याच्या पानावर लिहिले तर कोणी वाचणार नाही, आणि मला तसे लिहायचेही नाही. महिन्यातून एकदोनदा ताज्या तेलात केलेली कांदाभजी घरच्यांनी पोटभर खावीत. तेच काळे झालेले तेल चार वेळा तापवू नये, एवढेच. ज्याला रक्तदाब किंवा साखर आहे त्याने दोन खावीत आणि गप्पा जास्त माराव्यात.

पण पावसाचे खाणे म्हणजे फक्त भजी नव्हे. आपल्या आज्यांनी या दिवसांसाठी जे ठेवले होते ते जास्त शहाणपणाचे होते. हुलग्याचे गरम माडगे किंवा कोकणातले कुळथाचे पिठले घ्या. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसएक ग्रॅम प्रथिने असतात. निखाऱ्यावर भाजलेले कणीस, मीठ घालून उकडलेल्या शेंगा, गूळ आणि फुटाणे, गवती चहा आणि आले टाकलेला चहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठीच उन्हाळ्यात सुकट, जवळा, बोंबील डब्यात भरून ठेवायची आपली पद्धत. भाकरीबरोबर सुकटीची चटणी असली की पावसाच्या दिवशी वेगळ्या कालवणाची गरज पडत नाही. बाजारात रानभाज्या येतात त्याही याच दिवसांत. टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, कुरडू, करटोली. ओळखीची भाजी घ्यावी, दोनतीन पाण्यांनी धुवावी आणि शिजवूनच खावी.

रोजंदारीच्या घरात पाऊस म्हणजे बुडालेला दिवस, हे विसरून चालणार नाही. काम नाही तर पैसा नाही, आणि रिकाम्या पोटी कसला पाऊस? म्हणून एप्रिल-मे महिन्यात, हातात काम असते तेव्हा, एक डबा पावसाचा म्हणून बाजूला भरत जावा. थोडे हुलगे, थोडी मसूर, शेंगदाणे, गूळ, सुकट. आठवड्याला एक-एक जिन्नस घेतली तरी जूनपर्यंत डबा भरतो.

आता मुद्दा चुलीचा. पावसाच्या दिवशी घरात हात भरपूर असतात, कारण सगळेच अडकलेले असतात. कांदा चिरायला पुरुषाचा हात चालतो. बारा वर्षांच्या मुलाला कणीस भाजता येते, शेंगा निवडता येतात. पिठले ढवळायला कोणाला आईच्या पोटातून शिकून यावे लागत नाही. "तुम्हाला जमत नाही, सरा बाजूला," असे कधी कधी आईच म्हणते. तिचेही चूक नाही. नंतर पसारा तिलाच आवरावा लागतो हे तिला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मदत म्हणजे कांदा चिरून सालपटे तिथेच टाकून उठणे नव्हे. ज्याने केले त्याने ओटा पुसायचा, कढई घासायची. सासूबाईंनी एकदा मुलाला सांगितले, "बाबा, आज तू कर," तर घराची हवा बदलते. हे सांगण्याचा मान त्यांचाच आहे.

आणि ताटे एकदम वाढा. भाकरीची दुरडी, कालवण, पाण्याचा तांब्या मध्ये ठेवा आणि सगळ्यांनी गोल बसा, आईसह. पावसाळ्यात हे आरोग्यालाही चांगले. दमट हवेत शिजवलेले अन्न लवकर आंबते. शेवटी जेवणारीच्या वाट्याला तेच येते आणि पोट तिचेच बिघडते.

गप्पा हेही औषध आहे

पाऊस जोरात आला की लाइट जाते. लाइट गेली की आपण वैतागतो. मला वाटते, वस्तीतल्या कितीतरी घरांत माणसे एकमेकांकडे बघून बोलतात ती त्याच वेळी. आजोबांना विचारा, गिरणीत कोणत्या खात्यात होते आणि १९८२ च्या संपात घर कसे चालले. आजीला विचारा, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला किती लांब जावे लागे. कोण गावाहून पहिल्यांदा शहरात आले, कोणाच्या खोलीत उतरले, वस्तीतला पहिला नळ कधी आला. ही माहिती कोणत्या पुस्तकात नाही आणि सांगणारी माणसे कमी होत आहेत. बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा एकटेपणा कमी होतो, ऐकणाऱ्या मुलाला आपण कुठून आलो ते कळते. गुडघे दुखणाऱ्या आजीला पावसात गल्लीत पाय ठेवता येत नाही. तिचा बाहेरचा सगळा जग म्हणजे घरातली माणसे. ती मोबाइलमध्ये असतील तर ती चार महिने एकटीच असते.

खेळही आहेत. सापशिडी, कॅरम, सागरगोटे, पत्ते पैसे न लावता. दारातल्या पाण्यात कागदी होड्या सोडायला मुलांना जाऊ द्या, फक्त ते गटाराचे पाणी नसावे, पायात चप्पल असावी आणि आल्यावर साबणाने पाय धुवून बेचक्यांत कोरडे पुसावेत. भीमगीते कोणाला पाठ नाहीत? रेडिओ लागत नाही म्हणून गाणे थांबत नाही.

आपल्या घरांत या दिवसांना आणखी एक अर्थ आहे. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. वर्षभर पायी फिरणाऱ्या भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एका जागी राहावे, हिरवे कोंब आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, असा तो नियम. अनेक घरांत आणि विहारांत या दिवसांत संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. मात्र वाचतो एकच, बहुधा पुरुष. आणि घरची बाई गॅसजवळ उभी राहून कान देते. स्वयंपाकघरातून कान देणे म्हणजे ऐकणे नव्हे. कुकरच्या शिट्टीत अर्धे पान जाते. पाळी लावा, एकेकाने एकेक पान वाचा, मुलीने, आईने, अडखळणाऱ्या धाकट्यानेही. जिला वाचता येत नाही तिने मधल्या जागी बसावे. वर्षभर चालणाऱ्या भिक्खूंनाही पावसात थांबण्याचा नियम होता. मग घरच्या बाईने संध्याकाळचा अर्धा तास थांबावे, यात जड काय आहे?

"आज बसू या" म्हणजे काय

पावसाच्या हवेला वस्तीत आणखी एक वाक्य जोडलेले आहे. "हवा मस्त आहे, आज बसू या." या बसण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. दारूने अंग गरम राहते असे सांगितले जाते. ते खरे नाही. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर निघून जाते. भिजलेल्या माणसाला त्याने अधिकच थंडी बाधते. आधीच काम बुडालेला दिवस, त्यात हे पैसे. आणि एरवी घरात भांडण झाले तर मुले बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. धो धो पावसात त्यांना ती वाटही नसते. दहा बाय दहाच्या खोलीत, दार लावलेले, बाप पिऊन आलेला, बाहेर पाऊस. त्या मुलांना पुढे आयुष्यभर पावसाचा आवाज ऐकून काय आठवेल, याचा विचार बापांनी करावा. बसायचेच असेल तर घरच्यांबरोबर बसा.

आजारपणाची कामे वाटून घ्या

वर्षानुवर्षे या पानावर पावसाळ्यातली काळजी छापली जाते आणि ती सगळी एकट्या आईने करायची असे गृहीत धरले जाते. ती वाटून घ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, टिपाड, कुंडीखालची ताटली आणि छतावरची ताडपत्री रिकामी करून घासणे हे मुलांचे रविवारचे काम ठरवा. प्यायचे पाणी खळखळून उकळून झाकून ठेवणे हे थोरल्या मुलाचे. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजणे घरातल्या प्रत्येकाला आले पाहिजे.

तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या माणसाला ताप, डोकेदुखी किंवा पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर लेप्टोची शंका घ्यावी. उंदरांच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. ताप एक दिवसही अंगावर न काढता पालिकेच्या दवाखान्यात जावे आणि पाण्यातून चाललो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. आणि हा नियम आईलाही लागू. तिला ताप आला तर "जरा पडते, मग उठते" हे ऐकून घेऊ नका. तिला दवाखान्यात नेणारा माणूस कोण, हे आताच ठरवून ठेवा. जी एकटी मुले वाढवते आहे तिच्यासाठी हे शेजारणीने ठरवावे.

येत्या पावसाच्या रविवारी एवढे करून बघा. सकाळी उठल्यावर त्या दिवसाची सगळी कामे मोठ्याने म्हणा: पाणी भरणे, गळतीची पातेली, कपडे, भांडी, स्वयंपाक, पुसणे. प्रत्येकापुढे एकेक नाव घाला. एकच नाव दोनदा आले तर पुन्हा वाटणी करा. दुपारपर्यंत कामे आटपतील. मग दाराजवळ कोरड्या जागी सतरंजी टाका, चहा दुसऱ्या कोणी तरी करा, आणि पहिला कप तिच्या हातात द्या.